डिचोली, भट्टी आणि आबांची शाल

शुक्रवार

पहाटे पाचला निघायचं ठरलेलं आणि कोल्हापूर सोडलं साडेसहाला, कारण गाडीच्या मागच्या सीटवर तीन कच्ची घुमटं गोधड्यांत गुंडाळून बसवण्यातच तास गेला. कच्ची म्हणजे नुसती वाळलेली माती, न भाजलेली, जरा कुठे दणका बसला की संपला विषय. नवरा म्हणाला इथेच भाजून ने की, एवढी इलेक्ट्रिक भट्टी कशाला घेतलीयस मग, पण आबांकडे शिकलेल्या आमच्या ग्रुपवर ठरलेलं की प्रत्येकानं आपलं कच्चं घुमट घेऊन यायचं आणि ते आबांच्याच भट्टीत, आबांच्या डोळ्यादेखत भाजायचं. म्हणून तो पुढे गाडी चालवत होता आणि मी मागे गोधड्या धरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घुमट हे गोव्यातलं मातीचं वाद्य. दोन्हीकडून उघडं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, दुसरं तोंड लहान आणि मोकळं. उजव्या हातानं चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं ते लहान तोंड झाकत-उघडत आवाज दाबायचा, सोडायचा. चवथीला गणपतीपुढे जी घुमट आरती होते ती ह्याच्यावर, सोबत शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य, आणि कासाळं, म्हणजे झांजा. तिकडे साष्टीत ख्रिस्ती मंडळी मांडो गातात तेव्हाही घुमटच. 2019 मध्ये गोवा सरकारनं राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, त्यानंतर जरा मागणी वाढली म्हणतात.

आणि आबा म्हणजे ती घडवणारे. डिचोलीच्या बाहेर एका वाड्यावर राहतात. आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्याकडे शिकलो, म्हणजे त्यांनी शिकवलं असं नाही, पडवीत येऊन बसलो तर हाकललं नाही इतकंच. फी नव्हती पण फुकट काही मिळायचंही नाही. स्वतःच्या हातानं केलेलं मडकं जरी त्यांच्या भट्टीत लावलं तरी जळणाचे पैसे द्यायचे, आणि ते मोजून घ्यायचे. आता त्यांच्या किडन्या गेल्यात. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, आबांनी नको म्हटलं, दोन-तीनदा सगळ्यांनी समजावलं, मग समजावणं बंद केलं. किती दिवस ते कोणी उघड बोलत नाही पण ग्रुपवर "सत्कार लवकर करूया" हे शब्द यायला लागले तेव्हा सगळ्यांना कळलं होतं.

बेळगावला इडली खाऊन जांबोटीच्या रस्त्याला लागलो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथे उतरायचं आमचं दर खेपेला ठरतं आणि दर खेपेला राहतं, ह्याही खेपेला राहिलं. म्हादईच्या पाण्याचं कर्नाटक-गोव्याचं भांडण ज्या कळसा नाल्यावरून चाललंय तो पण इथलाच, तर नवऱ्यानं अर्धा घाट मला पाणी तंट्याचा इतिहास ऐकवला. चोर्ल्याची वळणं म्हणजे काय ते ज्यांनी मागे बसून केलीयत त्यांनाच ठाऊक. एका वळणावर समोरून ट्रक आला, ब्रेक लागला, आणि गोधडीतून टक् असा बारीक आवाज आला. केरीला अंजुण्याच्या धरणापाशी थांबून उघडून बघितलं तर एकाचा काठ गेलेला, अर्धचंद्रासारखा तुकडा हातात. राहिली दोन.

साखळीच्या अलीकडे खिडकी उघडली की काजूच्या बोंडांचा तो आंबूस गोड वास, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, सीझन संपत आलेला पण वास अजून होता. शिरगावची लईराईची जत्रा जवळ आली होती, त्यामुळे रस्त्यावर गोंडे लावलेले बेत, म्हणजे वेताच्या काठ्या, हातात घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे भक्त, दिसत होते, व्रत चाललेलं त्यांचं, जत्रेत होमकुंडातून चालतात ते. नवऱ्याला हे नवीन होतं, त्यानं गाडी हळू केली.

आबांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार. पडवीत खाट टाकलेली, तिच्यावर आबा, पाय सुजलेले, हात मात्र तेच. लांब बोटं आणि अंगठ्याच्या बाजूला चाकानं पडलेला घट्टा. मला वाटलं होतं ओळखायला वेळ लागेल. तर पहिलं वाक्य, "किती फुटली गो वाटेत?" म्हटलं एक. "मग बरं जमलं," म्हणाले.

पाणी त्यांना मोजून. दिवसाचं किती ते डॉक्टरनं ठरवून दिलंय आणि सुनेनं, आम्ही सगळे वहिनी म्हणतो त्यांना, ते पाणी सकाळीच एका तांब्यात काढून ठेवलेलं असतं. द्यायचं कशातून तर बोटभर उंचीच्या मातीच्या एका पेल्यातून, जो आबांनी नातवंडांच्या भातुकलीसाठी केला होता. मातीचा पेला असल्यानं अर्धा घोट तो स्वतःच पितो अशी त्यांची तक्रार. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला माठ पुरवले त्याला घोट मोजून मिळतोय हे बघणं सोपं नव्हतं, पण वहिनी अजिबात विरघळत नाहीत. "मागतात हो दिवसभर. दिलं तर रात्री श्वास लागतो. मग मला उठावं लागतं, तुम्हाला नाही," असं मला स्वयंपाकघरात सांगितलं.

संध्याकाळी फ्लेक्सचं प्रकरण. म्हापशाच्या दोघांनी कौतुकानं फ्लेक्स करून आणला होता, दहा बाय सहाचा. उलगडला आणि पडवीत सगळे गप्प. मध्ये आबांचा हात जोडलेला फोटो, फोटोभोवती छापील झेंडूचा हार, वर "कुंभारकलेचे तपस्वी", खाली तारीख आणि "समस्त शिष्यपरिवार". कोणीतरी हळूच म्हणालं, अरे हा तर दहाव्याचा वाटतोय. आणणाऱ्याचा चेहरा पडला. आबा खाटेवरून मान वर करून बघत होते, म्हणाले, "छापलाच आहे तर ठेवा जपून, परत खर्च नको." हसावं का रडावं कळेना, शेवटी वहिनींनीच तो गुंडाळून जळणाच्या ढिगामागे उभा केला.

शनिवार

सकाळी पातळभाजी-पाव, मग कामाला. भट्टी रविवारी लावायची होती पण रचायची आज, आणि त्याआधी सगळ्यांची आणलेली कच्ची घुमटं उन्हात. वीसेक होती. कोणी पुण्याहून आणलेलं, कोणी कुडाळहून, फोंड्याचा एक इंजिनियर पोरगा तर मोटरसायकलवर पोटाशी बांधून घेऊन आलेला आणि त्याचं एकही फुटलं नाही. प्रत्येकाची माती वेगळी, हे बघायला मजा येत होती. आमची कोल्हापूरकडची काळपट, इथली पिवळसर दिसते आणि भाजल्यावर लाल होते कारण लोह भरपूर. अख्खा डिचोली तालुका लोहखनिजावर बसलाय म्हटल्यावर दुसरं काय होणार.

ह्या लोहखनिजावरूनच इथल्या घराची गोष्ट फिरली खरं तर. वहिनींचे मिस्टर खाणीवर टिपर चालवायचे. बरे पैसे होते, आबांचं चाक म्हणजे म्हाताऱ्याचा नाद असं घरात मानलं जायचं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभा, हप्ते चालू. तेव्हा वहिनी चाकावर बसल्या. कुंभारांत बायकांनी माती आणायची, तुडवायची, जळण गोळा करायचं, रंगवायचं, विकायला बाजारात बसायचं, पण चाकाला हात लावायचा नाही, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे, ह्या घरीही होती. आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रात्री सगळे झोपल्यावर त्या बसायच्या आणि सकाळी आबा चाकाशेजारी वाळत असलेली मडकी बघून न बोलता वाकडी असतील ती मोडून परत मातीत टाकायचे. वहिनी सांगतात, एके सकाळी एक मोडायचं राहिलं. मी विचारलं राहिलं म्हणजे विसरले का? तर म्हणाल्या, "आबा मोडायला विसरतात का कधी?"

दुपारी खतखतं, सोलकढी, फणसाची भाजी आणि मणगणं. जेवण झाल्यावर जरा आडवं व्हावं असं मला वाटत होतं पण तेवढ्यात पेडण्याकडच्या आरती मंडळाचे बुवा आपल्या लवाजम्यासह आले आणि खरा कार्यक्रम सुरू झाला.

कार्यक्रम असा ठरलेला, आबांच्या हातची जी घुमटं लोकांकडे आहेत ती सगळ्यांनी घेऊन यायची. चामडं चढवलेली, वाजती. पडवी भरून गेली, जुनी काळवंडलेली, काठाला दोरी बदलबदलून झिजलेली, एकाला तर तडा गेलेल्या जागी कुणीतरी एमसील लावलेलं. दोन खूप जुनी होती त्यांच्यावर घोरपडीचं कातडं. पूर्वी घोरपडीचंच लावायचे, पातळ आणि चिवट म्हणून. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिलंय, आता ती पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे नवीन सगळी बकऱ्याच्या चामड्यावर. साष्टीहून आलेले एक मास्तर, मांडो वाजवणारे, त्यांचं आणि बुवांचं ह्यावरून चांगलंच जुंपलं. बुवा म्हणतात बकऱ्याला तो नाद नाही, मास्तर म्हणतात नाद हातात असतो, घोरपडीला मोकळं सोडा. आबांना विचारलं तर ते म्हणाले मी फक्त माती करतो, कातड्याचं मला विचारू नका. मला मास्तरांचं पटलं. बकऱ्याचं चामडं नीट तासलं, भिजवून नीट ओढलं आणि सावलीत वाळवलं तर ते काय वाईट बोलत नाही, आणि प्राणी संपवून परंपरा टिकवायची म्हणजे कसली परंपरा.

मग एकेक घुमट आबांच्या मांडीवर द्यायला सुरुवात झाली. नजर आता अधू झालीय, त्यामुळे ते बघत नव्हते. लहान तोंडातून हात आत घालायचे, जेवढा जाईल तेवढा, आणि बोटं आतल्या भिंतीवरून फिरवायचे. मातीचा गोळा चाकावर उचलताना बोटांचे जे वळसे उमटतात ते बाहेरून थापीनं आणि ओल्या फडक्यानं जातात, पण आत तसेच राहतात. आबा ते वळसे वाचत होते. एकाला म्हणाले, हे पावसात केलंय, माती ओली होती, घाई झाली होती. एकाला, ह्याच्या वेळी अंगठा कापलेला माझा, बघ इथे एक बोट लागलंच नाही. मी पण हात घालून बघितला. खरंच, एक वळसा उथळ होता. तीस वर्षांपूर्वीच्या दुखऱ्या अंगठ्याची जागा भाजून पक्की झालेली.

मग बुवांची पाळी. बुवांचं घुमट म्हणजे त्यांच्या मंडळाची शान. स्पर्धांमधून त्यांनी ह्या घुमटावर बक्षिसं आणलीत आणि प्रत्येक ठिकाणी माईकवरून सांगितलंय की हे आबांच्या हातचं आहे, असं आता होणे नाही. त्यांनी ते दोन्ही हातांनी आबांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी हात घातला. फिरवला. परत फिरवला. काढला आणि म्हणाले,

"हें म्हजें न्हय."

बुवा हसले, म्हणाले आबा असं कसं, तुमच्या दारातून घेतलंय. आबा म्हणाले दार माझं, घुमट तिचं. आणि मानेनं दाराकडे खूण केली. दारात वहिनी उभ्या, चहाचा ट्रे घेऊन. "हिची करंगळी वेगळी पडते," एवढंच म्हणाले.

बुवांचा चेहरा बघण्यासारखा होता. वहिनी म्हणाल्या, "मी सांगणार होते हो, पण तुम्ही विचारलंच नाही, पैसे देऊन गेलात." मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की नातू झोपेतून उठून रडायला लागला. पण बुवा माणूस दिलदार. क्षणभर गप्प बसले, मग उठून वहिनींच्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. वहिनींना कुठे बघावं कळेना, वयानं बुवा त्यांच्या वडिलांएवढे.

ह्या सगळ्यानंतर मानपत्र वाचायचं होतं. मानपत्रात "त्यांच्याबरोबर ही कला अस्तंगत होत आहे" असं एक वाक्य होतं, लिहिणाऱ्यानं ते वाचताना गिळलं, बरं केलं. मग शाल. शाल एकच आणलेली. कोणी विचारच केला नव्हता. पर्वरीची एक आर्किटेक्ट मैत्रीण आहे आमच्यातली, ती मला कोपरानं ढोसत होती की आता वहिनींना पण काहीतरी द्यायला पाहिजे, माझी ओढणी देऊ का. तोवर आबांच्या खांद्यावर शाल पडली होती. वैशाखातलं ऊन, पत्र्याची पडवी, आबांना घाम फुटला. त्यांनी शाल काढली, पीळ दिला, गोल गुंडाळली, तिची चुंबळ केली आणि बुवांचं घुमट, म्हणजे वहिनींचं, त्या चुंबळीवर नीट बसवून ठेवलं. तोंडावर काही भाव नाही. नेहमी मडकं ठेवतात तसं ठेवलं. मुद्दाम केलं का सवयीनं झालं ह्यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे. मला विचाराल तर त्या माणसाच्या हातानं सवयीनं जे होतं ते मुद्दामच असतं.

मग आरती झाली. लोक कोंकणी बोलतात पण आरत्या मराठीत, हे कोल्हापूरच्या माणसाला दर वेळी नवल वाटतं. बारा-पंधरा घुमटं एकदम पत्र्याखाली वाजली की छातीत धडधडतं, नवऱ्यानं शूट करायला मोबाईल काढला आणि मग शूट करायचं विसरूनच गेला. चंद्रावळ चालू असताना आबा झोपले. खरंच झोपले, घोरायला लागले. कोणी थांबलं नाही.

रविवार

पहाटे चारला भट्टीला धूर द्यायला सुरुवात. ही भट्टी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, मातीची गोल भिंत कमरेएवढी, खाली जळणाचं तोंड, वर उघडी. आत घुमटं तोंडाला तोंड लावून रचायची, मध्ये सोडणं, म्हणजे नारळाची सालं, वर खापऱ्यांचा थर. कामातलं सगळ्यात कठीण काम म्हणजे सुरुवातीला काहीही न करणं. पहिले चार-पाच तास नुसती धग. मातीत मुरलेलं पाणी वाफ होऊन हळू निघालं पाहिजे, घाई केली की भांडं आतून फुटतं. मी माझ्या इलेक्ट्रिक भट्टीला प्रोग्रॅम लावून झोपणारी बाई. इथे आकडे नाहीत, इथे नाक. आबांची खाट उचलून भट्टीपासून दहा-पंधरा पावलांवर आणून ठेवली होती आणि ते डोळे मिटून वास घेत होते. ओल्या धुराचा वास असेपर्यंत जळण वाढवायचं नाही. मी हळूच इन्फ्रारेड थर्मामीटर आणलेला, फोंड्याच्या पोराला दाखवत होते, तर आबांनी विचारलं काय म्हणतंय तुझं यंत्र. म्हटलं बाहेरच्या खापरीवर एकशे दहा. "आत अजून ओलं आहे," म्हणाले. तासाभरानं म्हणाले आता घाला. कशावरून, तर म्हणे धूर कोरडा झाला.

मधल्या वेळात नवऱ्याला नार्व्याला पाठवला, सप्तकोटेश्वराला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून दिलेलं देऊळ, दारावर शिलालेख आहे, आणि 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. मी आधी बघितलंय म्हणून गेले नाही. तो येताना मयेच्या तळ्यावर थांबून पोहे खाऊन आला आणि वर म्हणतो तुम्ही लोक अजून तिथेच बसलाय.

दुपारी दोनच्या पुढे मोठा जाळ. क्वार्ट्झ नावाचं जे मातीत असतं ते 573 अंशांला आपली रचना बदलतं आणि अंगानं फुगतं, स्टुडिओवाले सगळे ह्या आकड्याला घाबरून असतात. आबांनी हा आकडा जन्मात ऐकला नसेल पण बरोबर त्या सुमाराला, आत अंधारात लाली जेमतेम दिसायला लागायच्या आधी, त्यांनी जळण कमी करायला लावलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. मी काही बोलले नाही. पुण्याचा मित्र आणि मी एकमेकांकडे बघितलं फक्त.

आणि चारला आभाळ. वैशाखातला अवकाळी, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. वारा सुटला, माडाच्या झावळ्या हलायला लागल्या आणि टपोरे थेंब. भट्टीला ऐन रंग चढत होता, खापऱ्यांच्या फटीतून नारिंगी दिसत होतं, आणि उरलेली सगळी सोडणं, लाकडं उघड्यावर. एकच धावपळ. पत्रे आणले, चौघांनी चार कोपरे धरून भट्टीवर अधांतरी धरले, खाली टेकवले तर जाळ कोंडतो आणि मडकी काळी पडतात म्हणून हातातच धरायचे, वरून पाऊस आणि खालून धग. जळणावर टाकायला काही नाही. तेव्हा म्हापशाच्या त्या दोघांनी, स्वतः होऊन, फ्लेक्स ओढला आणि ढिगावर पसरला. झेंडूचा हार, कुंभारकलेचे तपस्वी, समस्त शिष्यपरिवार, सगळं उताणं, आणि त्यावर पाऊस ताडताड वाजतोय. आबांची खाट पडवीत हलवेपर्यंत ते अर्धे भिजले, पण हसत होते, खोकला लागेपर्यंत हसले, "बघा, उपयोगी पडलाय की नाही," म्हणाले. वहिनी ओरडत होत्या टॉवेल आणा, टॉवेल आणा.

पाऊस वीस मिनिटांत गेला. जळण कोरडं राहिलं. पत्रा धरणाऱ्यांमध्ये बुवाही होते, साठीच्या पुढचा माणूस, हाताला फोड आलेले, रात्री मास्तरांनी त्यांना कोरफड लावून दिली आणि परत घोरपडीवरून वाद सुरू.

रात्री नऊला तोंड बंद केलं. आबांना धाप लागली होती. वहिनींनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

सोमवार

काही जण पहाटेच निघून गेले, ऑफिसं होती. भट्टी अकराला उघडली, खापऱ्या अजून गरम होत्या. वीसातली सतरा शाबूत. एक फुटलेलं आणि दोन पत्र्याच्या बाजूनं काळी पडलेली, पण काळा डाग म्हणजे दोष नाही, आवाजाला काही होत नाही त्यानं. माझी दोन्ही सरळ आली होती, रंगही छान, मी मनातल्या मनात खूश.

आबांना आज उठवत नव्हतं, डोळेही उघडत नव्हते फारसे. रात्र वाईट गेली होती. मला वाटलं आता तपासणं वगैरे राहू दे. पण वहिनींनी खाटेशेजारी पाट मांडला, एकेक घुमट काठाला दोन बोटांनी अधांतरी धरलं आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टिचकी मारायला सुरुवात केली. चांगलं भाजलेलं खणखणीत वाजतं, तडा असेल तर बद्द, दिसो न दिसो. वहिनी टिचकी मारणार, आबांच्या पांघरुणावरच्या हाताचं बोट उठलं तर पास, नाही उठलं तर बाजूला. अकरा पास झाली. फोंड्याच्या पोराचं झालं. पुण्याच्या मित्राचं, जे दिसायला सगळ्यात देखणं, नाही झालं. माझं पहिलं झालं. दुसऱ्याला बोट उठलं नाही. मला तर खणखणीतच ऐकू आलं होतं. वहिनींनी परत टिचकी मारली. बोट तसंच. मग वहिनींनी स्वतः कान लावून ऐकलं, घुमट उन्हाकडे धरलं आणि काठाखाली केसाएवढी रेघ दाखवली. "चोर्ल्यात झालं असणार. ह्याला चामडं चढवू नका, ताणलं की उघडेल. अबोली लावा ह्यात."

निघताना आबांच्या पायाला हात लावला, पाय थंड आणि सुजलेले. ते काही बोलले नाहीत, मी पण नाही. वहिनींनी डब्यात मणगणं भरून दिलं आणि मानकुराद आंबे चार.

केरीच्या पुढे घाट सुरू व्हायच्या आत फोन वाजला, वहिनी. माझ्या पोटात गोळाच आला. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. वहिनी म्हणाल्या, काही नाही हो, आबा जागे झालेत, विचारतायत कोल्हापूरच्या बाईनं दोन नगांचे जळणाचे पैसे दिले का. मी म्हटलं अहो गडबडीत राहिलं, किती झाले? तिकडे आबांना विचारल्याचा आवाज, मग वहिनी परत, "चारशे. आणि फुटक्याचे पण द्यायचे म्हणतात, ते काय भट्टीत फुटलं नाही." रेंज जायच्या आत तिथेच उभं राहून जीपे केलं.